खरखर काढू नकोस

नागपूर,
श्रावणातला रविवार

बेटा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मॅडम, बाबांच्या 45 कॅसेटी आहेत. एक जण सगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन देतो म्हणतो, खरखर काढून, एकदम स्वच्छ. देऊ का?" मी नुसतं "थांब" म्हटलं आणि फोन ठेवला. तुला ते तुटक वाटलं असेल. पण तुझं ते वाक्य ऐकून माझ्या पोटात धस्स झालं होतं, आणि त्यामागची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती. म्हणून हे पत्र.

माझे बाबा 2006 साली गेले. त्यांच्या मागे सात कॅसेटी राहिल्या. विकतची त्यात एकही नाही. गणेशपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत फळीवर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्यासमोर स्टूल ओढायचं, स्टुलावर मामानं दिलेला टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि रेडिओवर लागलेलं गाणं समोरासमोर टेप करायचं, अशी बाबांची पद्धत. साहजिकच गाण्याबरोबर आख्खं घर टेप व्हायचं. कूलरच्या टुल्लू पंपाची घरघर, आईच्या बांगड्या, खालून जाणारा भंगारवाला. आणि प्रत्येक गाण्याआधी बाबांचा दबका आवाज, "चूप बसा रे, लागलं."

2009 मध्ये मी त्या सातही कॅसेटी एका दुकानात सीडी करायला दिल्या. दुकानदार मनानं चांगला होता. त्यानं मेहनत घेतली, हे मी आजही म्हणते. गाण्याच्या आधीचं-नंतरचं कापून टाकलं, मधले "फालतू आवाज" दाबले, आणि जी गाणी फारच खराब वाटली त्यांच्या जागी इंटरनेटवरची चांगली प्रत टाकली. घरी येऊन सीडी लावली. सैगलांचा आवाज इतका मोकळा मी कधीच ऐकला नव्हता. आई पाच मिनिटं ऐकत बसली आणि म्हणाली, "हे आपलं नाही." मी उलट पावली दुकानात गेले. कॅसेटी विचारल्या तर म्हणाला, "त्या टाकून दिल्या मॅडम, बुरशी लागली होती."

सैगल आज कुठेही ऐकायला मिळतात. "चूप बसा रे, लागलं" मात्र आता जगात कुठेच नाही.

तेव्हा बेटा, देऊ नकोस. गाणी कुठे जात नाहीत, ती तुझ्या मोबाइलमध्ये आधीच आहेत. तुला सांभाळायचं आहे ते गाण्याच्या आजूबाजूला पडलेलं आहे, आणि स्वच्छ करणाऱ्याला ते कचराच दिसणार, कारण त्याचे बाबा त्यात नाहीत.

कॅसेटी तू स्वतः उतरवून घे. विज्ञान शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, तेव्हा एवढं सांगायचा मला हक्क आहे. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट एकदम प्लेवर लावायची नाही. टेपचे थर एकमेकांना चिकटलेले असू शकतात. आधी षटकोनी पेन्सिल घालून दोन्ही चाकं हातानं फिरवून बघ, सैल आहेत का. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, आणि त्यानंतर प्ले. टेपच्या मागे पितळी पत्तीवर एक इवलासा लोकरी तुकडा चिकटवलेला असतो, टेपला आवाज वाचणाऱ्या हेडवर दाबून धरणारा. तो गळून पडला असेल तर आवाज बसलेला येतो आणि आपल्याला वाटतं कॅसेट गेली. गेलेली नसते, दुसऱ्या कॅसेटचा तुकडा काढून लावता येतो. हेड दर दोन-तीन कॅसेटींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसायचं. आतल्या रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून ठेव, लावू नकोस. बुरशी डेकमधून बाकीच्या कॅसेटींना लागते. कॉम्प्युटरवर घेताना वेव्ह (WAV) फाइल कर, तिच्यात आवाजाचं काही गाळलं जात नाही; एमपीथ्री नंतर कधीही करता येईल. आणि प्रत्येक बाजू पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत सलग, मधे कुठेही न कापता. रिकामी जागासुद्धा घे. दोन प्रती, दोन घरांत. मूळ कॅसेटी कपाटात आतल्या बाजूला ठेव. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, खिडकीतल्या कॅसेटचा सांगाडा वाकलेला मी पाहिलाय. लेबलांचे फोटो मात्र सगळ्यात आधी काढ. शाई उडते.

हे झालं हातांचं काम. तू फोनवर आणखी एक बोललास, ते माझ्या जास्त लक्षात राहिलं. "मॅडम, गाणी ऐकतो, पण त्यातून बाबा दिसत नाहीत. मला ही गाणी आवडतच नाहीत." तुला त्याची लाज वाटत होती, आवाजावरून कळलं. लाज कसली? त्यात वाईट काहीच नाही. माणसाच्या आवडीची गाणी बहुतेक त्याच्या पंधरा ते पंचवीस या वयातली असतात. तुझ्या बाबांनी ती गोळा केली तेव्हा तुझा जन्मही झालेला नव्हता. ज्या माणसाची ती गाणी आहेत त्याला तू कधी भेटलेलाच नाहीस. तो एक पोरगा होता, आणि तो तुला हळूहळू भेटायचा आहे.

माझ्या बाबांचं सांगते. आमच्या घरात गाण्यावरून कायम भांडण. आईला आणि मला लताबाई. रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की बाबा उठून बटण फिरवायचे. "बारीक आवाज. काय म्हणते समजत नाही." त्यांना हवे सैगल, पंकज मलिक, हेमंतकुमार. सगळे खर्जातले, भरीव आवाज. आणि गल्लीत तुकडोजी महाराजांची भजनं असली की खंजिरीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसायचे. मला वाटायचं, आपल्याला जे आवडतं ते यांना मुद्दाम आवडत नाही. मी चौदा-पंधरा वर्षांची असताना याच कारणानं त्यांच्याशी आठ दिवस बोलले नव्हते.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये लूम खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर होते. जमशेटजी टाटांनी 1877 साली काढलेली ही मिल. आज गांधीसागराजवळ त्या जागी मॉल उभा आहे, तू तिथे सिनेमे बघितले असशील. शेकडो लूम एकाच छपराखाली, प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटतो आहे, असा तो आवाज. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर ओठ वाचावे लागत. साठी उलटल्यावर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आलेख हातात दिला. डावीकडे, खालच्या स्वरांच्या बाजूला, रेघ बऱ्यापैकी वर होती. आणि 4000 हर्ट्झपाशी एकदम खड्ड्यात पडल्यासारखी खाली. वर्षानुवर्षं यंत्राच्या गोंगाटात काम केलेल्या माणसाचा कान नेमका तिथेच आधी मरतो. मी वर्गात ध्वनी शिकवत होते, कंपनसंख्या फळ्यावर लिहून देत होते, आणि माझ्या घरातला कान मला कधी दिसला नव्हता.

स, श, त, थ ही व्यंजनं वरच्याच पट्ट्यात असतात. उंच पट्टीतलं गाणं त्यांच्यापर्यंत शब्द गळून, दोऱ्यासारखं बारीक होऊन पोचत असणार. खर्जातला आवाज भरून पोचत असणार. "काय म्हणते समजत नाही" ही त्यांची तक्रार नव्हती रे, ते खरंच सांगत होते. आम्ही दोघी त्याला हट्ट समजलो.

घरी येताना रिक्षात मी त्यांचा हात धरून बसले होते. ते म्हणाले, "काय झालं? बहिरा झालो का मी?" मी म्हटलं, नाही बाबा. दुसरं काय बोलणार होते.

म्हणून सांगते, बाबांना हेच गाणं का आवडत होतं, हा प्रश्न सोडू नकोस. त्याचं उत्तर गाण्यात क्वचितच असतं. कधी ते कानात असतं, कधी पगारात, कधी घरी रेडिओ कोणाकडे होता यात.

आणि हे विचारायचं कोणाला, तर त्यांच्या बरोबरीच्या माणसांना. पण "माझे बाबा कसे होते" असं विचारू नकोस. असं विचारलं की लोक उठून उभे राहिल्यासारखे होतात, "देवमाणूस होता" म्हणतात आणि विषय संपतो. "हे गाणं त्यांनी कुठं ऐकलं असेल हो?" असं विचार. मग बघ.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी मी त्यांच्या खात्यातल्या एका काकांकडे गेले होते. ऐंशीच्या घरातले, बाजेवर बसलेले, कानाला मशीन. मला सैगलांचं कोडं होतं. सैगल 1947 च्या जानेवारीत गेले, बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. हा आवाज त्यांच्या पोरपणातला, तरुणपणातला नव्हेच. मग इतकं वेड कुठून? काका म्हणाले, मिलजवळ एक चहाचं हॉटेल होतं, तिथे सकाळी रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं स्टेशन लागे. सरकारी रेडिओवर तेव्हा सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच होती. 1952 मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, त्यांना ती गाणी हलकी वाटत. मग सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला, आणि 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. सिलोनवर सकाळी साडेसात ते आठ जुन्या सिनेमांची गाणी असत आणि शेवटचं गाणं ठरलेलं, सैगलांचं. रातपाळी सातला सुटली की ही पोरं डोळ्यांत झोप घेऊन त्या हॉटेलबाहेर उभी राहायची. आत बसायचं तर चहा घ्यावा लागे. सैगल झाले की आठ, मग घरी. म्हणजे बाबांसाठी ते गाणं रात्र संपल्याची खूण होती.

हे ऐकून मी उठणार, तेवढ्यात काका म्हणाले, "आन् थो लूमवर गाये, थे तर तुले मालूमच असंन."

मला मालूम नव्हतं. बाबांना गाताना मी आयुष्यात ऐकलं नाही. घरात गुणगुणणंही नाही.

"गाये न! पाळीभर गाये. आवाज कोणाले येत नसे, तोंड हालताना दिसे. तोंडावरून आम्ही समजून जाऊ, आज कोणतं चालू हाय." आणि काकांनी त्या बाजेवर बसून, आवाज न काढता, ओठ हलवून मला दाखवलं, तुझा बाप असा गायचा. मान थोडी डावीकडे, डोळे धाग्यावर. मी ते गाणं ओळखलं.

पंचवीस-तीस वर्षं माझे बाबा खच्चून गात होते आणि ते कोणी ऐकलं नाही, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. हे मला कोणत्या कॅसेटमधून कळलं असतं?

आता तुझ्या बाबांकडे येते. त्यांचा पानाचा ठेला मेडिकलसमोर, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलसमोर होता, एवढं माहीत असूनही मी तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तू माझ्या वर्गात नव्हतास तेव्हाची, 2011 ची. माझी आई मेडिकलमध्ये भरती होती. रात्री दीड-दोनला वॉर्डातून बाहेर आले, सुचत नव्हतं काही, आणि समोर एक ठेला उघडा दिसला. टेप लागलेला, अगदी हळू. हेमंतकुमारांचा आवाज. तो आवाज ऐकून माझे पाय तिथेच थांबले, का ते आता तुला कळेल. तुझे बाबा खर्रा घोटत होते. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना, आणि फळीवर तळहाताचा तो घासण्याचा आवाज. मी उभी होते म्हणून मला दिसलं: हात गाण्याच्या ठेक्यात चालला होता. मधे नुसतं वाद्य आलं की हात सावकाश होई, शब्द आले की परत लयीत. तेवढ्यात एक बाई रडत बाहेर आली, तिच्यामागे दोन माणसं. तुझ्या बाबांनी वर पाहिलंही नाही. डाव्या हातानं टेपचं बटण फिरवलं, गाणं बंद केलं नाही, फक्त इतकं लहान केलं की ते ठेल्याच्या बाहेर जाऊ नये. बाई रिक्षात बसून गेली. मग पुन्हा पहिल्याइतकं. मला त्यांनी पाण्याची थैली दिली. पैसे काढले तर म्हणाले, "राहू द्या ताई, सकाळी द्या." सकाळी ते नव्हते, दुसराच माणूस बसला होता. तो तुझा काका, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

तू म्हणालास, काही लेबलांवर गाण्यांची नावं नाहीत, नुसतं "दि" किंवा "रा" लिहिलंय. रामायण असेल का, राजेश खन्ना असेल का, असं तू विचारत होतास. मी रात्रभर त्याचा विचार केला. बेटा, मला वाटतं ते "दिवस" आणि "रात्र" आहे. दिवसा मेडिकलची पोरं, रिक्षावाले, धावपळ. रात्री वॉर्डातून बाहेर आलेली माणसं. दोघांना एकच गाणं चालणार नाही, हे त्यांनी कॅसेट भरतानाच ठरवलं असावं. माझा अंदाज चुकूही शकतो. पण ठेल्याजवळचे जुने रिक्षावाले, रातपाळीचे वॉर्डबॉय अजून आहेत. त्यांना जाऊन विचार, रात्री इथं कोणती गाणी लागत होती. एखादा म्हणेल तोंडपाठ आहेत.

एक चूक माझ्याकडून झाली ती तुझ्याकडून होऊ नये. बाबा गेल्यावर त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं मी मोबाइलची रिंगटोन केलं. वाटलं, दिवसातून दहा वेळा आठवण येईल. चार-सहा महिन्यांत त्या गाण्यावर बँकेचे फोन, गॅसवाल्याचे फोन, शाळेतल्या मीटिंगा यांचा थर बसला. आजही ते लागलं की माझा हात आधी पर्सकडे जातो. आपण आठवण जितक्यांदा बाहेर काढतो तितक्यांदा तिला आजचे हात लागतात. बाबांची दोन-चार गाणी अशी ठेव की ती सहसा लावायचीच नाहीत. कुठे पानाच्या ठेल्यावर, लग्नाच्या मांडवात अचानक कानावर पडली तर पडली.

आणि आई. तू गाणं लावलंस की त्या उठून आत जातात, म्हणून तुला वाईट वाटतं. त्यांना जाऊ दे. तुला ज्या माणसाला भेटायचं आहे त्याला त्यांनी भरपूर पाहिलंय, त्यांच्या बावीस-तेविसाव्या वर्षी. तुझ्यासाठी जे शोधकाम आहे ते त्यांच्यासाठी अंगावर येणारं आहे. वर्षश्राद्धाला स्पीकरवर बाबांची गाणी लावायचा बेत त्यांना विचारल्याशिवाय करू नकोस. नातेवाइकांना ते छान वाटेल, डोळेही पुसतील सगळे, आणि त्या माऊलीला पंगतीला वाढायचं सोडून आतल्या खोलीत तोंड लपवावं लागेल. त्यांच्या पानात त्या दिवशी काय वाढायचं याचा विचार झाला तरी पुरे. माझी आई सीडी ऐकून "हे आपलं नाही" म्हणाली, त्यानंतर तिनं अकरा महिने रेडिओ लावला नव्हता. मग एका सकाळी साडेसातला तिनंच बटण फिरवलं. मी काही बोलले नाही. तीही नाही. पोळ्या लाटत राहिली.

तुला शब्द चुकीचे पाठ आहेत म्हणालास, बाबा म्हणायचे तसेच. मूळ गाण्यात वेगळे निघाले. ते दुरुस्त करू नकोस. वहीत दोन्ही लिही, बाबांचे आधी.

माझ्याकडे अजून चालू डेक आहे, बेल्ट नुकताच बदललाय. पुढच्या रविवारी दुपारी ये, महाल भागातलं घर तेच आहे, खालची कासाराची पाटी गेली आहे तेवढंच. सगळ्या 45 आणू नकोस, "रा" लिहिलेली एकच आण. पेन्सिल माझ्याकडे आहे. निघताना आईला सांगून ये, कोणती कॅसेट घेतली ते.

तुझी,
मॅडम